ज्याला खाली बसायची मुभा नव्हती

प्रिय गोलकीपर,

संघात जागा मिळाल्याचं तुझ्या बाबांनी कळवलं. अभिनंदन भेटल्यावर करीन, आधी तुझी तक्रार घेतो: बटरफ्लाय, म्हणजे गुडघे टेकून पाय बाजूंना पसरत गोल अडवणं, जमत नाही, गुडघे टेकायला उशीर होतो, तोवर पक, ती रबरी चकती, आत गेलेला असतो. याचा सराव तुझे कोच करून घेतीलच. मी पडलो गवतावरच्या हॉकीचा माणूस, बर्फावर धड उभंही राहता येत नाही मला. पण आइस हॉकीतला शंभर वर्षांपूर्वीचा गोलकीपर जॉर्ज व्हेझिना याची कारकीर्द तू नीट वाचावीस असं फार वाटतं. नाव तुला माहीत आहे ते त्याच्या नावाने गोलकीपरला देतात त्या चषकामुळे. माणूस त्याहून कामाचा आहे.

कॅनडातल्या क्विबेकमधल्या शिकूटिमीचा हा मुलगा, जन्म १८८७ चा. लहानपणी तो साध्या बुटांवरच गोल राखायचा. स्केट्स घालून खेळायला लागला तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं. म्हणजे तू ज्या वयात स्केटिंग शिकलीस त्याच्या कितीतरी नंतर. १९१० च्या फेब्रुवारीत माँट्रियल कॅनेडियन्सचा व्यावसायिक संघ त्याच्या गावी प्रदर्शनी सामना खेळायला गेला आणि गावच्या हौशी पोरांकडून हरून आला. त्याच वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, व्हेझिना त्यांच्याच गोलमध्ये ओटावाविरुद्ध उभा होता.

उभा होता हे अक्षरशः घे. तेव्हा गोलकीपरने पक अडवायला बर्फावर अंग टाकलं की त्याला शिक्षा व्हायची. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट पाय घसरल्याचं सोंग करून इतक्यांदा गुडघे टेकायचा की लोक त्याला ‘प्रार्थना करणारा बेनी’ म्हणत. शेवटी १९१८ च्या जानेवारीत एनएचएल या व्यावसायिक लीगने नियमच बदलला. व्हेझिना मात्र त्यानंतरही बहुतेक उभ्यानेच खेळत राहिला. स्टिक आणि पाय यांवर त्याची सगळी भिस्त. चेहऱ्यावर मुखवटा नाही, आजच्यासारखे पॅड नाहीत. पक कुठून येणार हे आधी ओळखून तिथे जाऊन थांबायचं, की खाली पडायची वेळच कमी येते. तुला उशीर गुडघ्यांमुळे होत नाही, नजरेमुळे होतो, असा माझा संशय आहे. पुढच्या सरावात एक फेरी उभ्यानेच खेळून बघ. कोचना विचारून.

बर्फावर तो इतका थंड असायचा की त्याला ‘शिकूटिमीची काकडी’ म्हणत. १९१६ आणि १९२४ असे दोन स्टॅन्ली चषक त्याच्या नावावर आहेत. १९१६ च्या विजयाच्या वेळी जन्मलेल्या मुलाच्या नावात त्याने ‘स्टॅन्ली’ घातलं. (त्याला बावीस मुलं होती ही गोष्ट कोणी रंगवून सांगितली तर हसून सोडून दे, मुलगे दोनच.) सदतीस-अडतिसाव्या वर्षी, १९२३-२४ आणि १९२४-२५ च्या हंगामांत, त्याची सामन्यामागे गोल खाण्याची सरासरी दोनच्या खाली होती. तेव्हा पुढे पास देण्यावर बंधनं होती, गोल एकूणच कमी व्हायचे, हे धरूनसुद्धा.

आता जे सगळे कौतुकाने सांगतात ते. पंधरा वर्षांत त्याने एकही सामना चुकवला नाही. सव्वातीनशेहून जास्त लीग सामने, सलग. हे ऐकून तुझ्या अंगात वीरश्री संचारेल या भीतीनेच खरं तर हे पत्र. २८ नोव्हेंबर १९२५ ला पिट्सबर्गविरुद्ध तो १०२ अंश ताप अंगात घेऊन उतरला. पहिल्या सत्रात गोल होऊ दिला नाही. मग कोसळला, आणि त्याच्या जागी अल्फोन्स लाक्रवा उतरला. निदान निघालं क्षयाचं. २७ मार्च १९२६ ला शिकूटिमीत तो गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. एक सामना न खेळून तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसाला मी शौर्य म्हणायला तयार नाही. गोल खाल्ल्यावर चेहरा कोरा ठेवायचा हे त्याच्याकडून जरूर शीक. अंगातलं दुखणं गिळून टाकायचं हे शिकू नकोस. त्या काळी संघात बहुधा गोलकीपर एकच असायचा, त्याला पर्याय थोडे होते. तुमच्याकडे बाकावर दुसरी मुलगी पॅड बांधून बसलेली असते, आणि तिलाही खेळायचं असतं.

पुढच्या हंगामापासून संघमालकांनी त्याच्या नावाचा चषक सुरू केला. पहिला जिंकला त्याच्याच जागेवर आलेल्या जॉर्ज हेन्सवर्थने, आणि पुढची दोन वर्षंही त्यानेच. १९२८-२९ मध्ये तर चव्वेचाळीस सामन्यांपैकी बावीस सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मनगट दुखतंय असं आईला म्हणालीस म्हणे. कोचना सांगितलंस का? शनिवारच्या आत सांग, आणि मला कळव.

तुझा,
काका