बहिणीला आयटीपी (रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याचा आजार) आहे, स्वतःच्याच अँटीबॉडीमुळे प्लेटलेट जातायत म्हणतात, मग उपचार म्हणून परत अँटीबॉडीच का चढवतात?

दादा, प्रश्न अगदी नेमका विचारलाय. मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे, जत आटपाडीकडनं पण पेशंट येतात आणि नातेवाईक हेच विचारतात, वॉर्डात सगळं समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँटीबॉडी म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन, ती बहुतेक वेळा प्लेटलेटला स्वतः मारत नाही, नुसती चिकटते. तिचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, वरचे दोन हात प्लेटलेटला धरतात आणि खालचा दांडा मोकळा राहतो, त्याला एफसी म्हणतात. आता पांथरीत, म्हणजे स्प्लीनमध्ये, मॅक्रोफेज नावाच्या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या अंगावर हा दांडा पकडणारे एफसी रिसेप्टर असतात. मार्केट यार्डात खडूची खूण असलेलं हळदीचं पोतं हमाल सरळ उचलतो, आत काय आहे बघत बसत नाही, तसंच हे. दांडा सापडला की प्लेटलेट गिळून टाकली. जंतू संपवायला हीच यंत्रणा लागते, त्यामुळं ती अख्खी बंद पण करता येत नाही.

बोन मॅरो मात्र बिचारी नवीन प्लेटलेट सोडत राहते, पण ती पुरी पडत नाही. मशीनवर काउंट १० हजार आला की आम्ही स्लाईड बघतोच, कारण कधीकधी जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घेतात त्या नळीत, प्लेटलेटचे नुसते गठ्ठे होतात आणि काउंट खोटा कमी येतो. खरी आयटीपी असेल तर गठ्ठे नसतात, प्लेटलेट तुरळक आणि त्यातल्या काही चांगल्या मोठ्या दिसतात, त्या ताज्या.

आता तुमचा प्रश्न. उपचारात चढवतात ती आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातनं काढलेल्या अँटीबॉडी. त्या एवढ्या संख्येनं आल्या की मॅक्रोफेजचे रिसेप्टर त्यांच्यातच गुंतून पडतात आणि खूण झालेल्या प्लेटलेट सुटतात. शिवाय अँटीबॉडी रक्तात टिकवून ठेवणारा एफसीआरएन नावाचा वेगळा रिसेप्टर असतो, तिथंही गर्दी झाल्यानं बहिणीच्या स्वतःच्या वाईट अँटीबॉडी लवकर संपतात. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये इम्बाख या डॉक्टरांनी लहान मुलांत हे पहिल्यांदा दाखवलं. असर काही आठवडेच टिकतो, म्हणून काउंट परत उतरला तर औषध वाया गेलं असं समजू नका हो.

मॅक्रोफेजवरच्या एफसी रिसेप्टरपैकी एक, टू-बी नावाचा, उलट ब्रेकचं काम करतो. तो नसलेल्या काही जातींच्या उंदरांना ल्युपससारखा, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा, आजार होतो, म्हणजे हा विषय फक्त आयटीपीपुरता नाही. रिसेप्टरनं दांडा पकडल्यावर पेशीच्या आत जो सिग्नल जातो तो अडवणारी फोस्टामॅटिनिब नावाची गोळी अमेरिकेत २०१८ला मंजूर झाली.

उपचार चालू असेपर्यंत बहिणीला ब्रुफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं देऊ नका, आणि स्टेरॉईड चालू असतील तर एकदम बंद करू नका. पुढंमागं पांथरी काढायचा विषय निघाला तर न्युमोनियाच्या आणि बाकीच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा.