माईकला ऐकू न जाणारा हेडफोन

प्रश्न : ताई, आमचं गाव शिरपूर तालुक्यात आहे. आईला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, साठेक गाणी पाठ आहेत, सगळी अहिराणीत. ती नीट रेकॉर्ड करून ठेवायची म्हणून मी घरातली १० बाय १० ची खोली मोकळी केली. फोकसराईटचा स्कार्लेट सोलो इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), एक कंडेन्सर माईक आणि जुना लॅपटॉप आहे. ऐकायला मात्र मोबाईलचे ब्लूटूथ इयरबड वापरतो. ढोलकीचा ट्रॅक लावून आईला गायला बसवलं की ती दर वेळी मागे पडते. मग वैतागून म्हणते, ‘माले काहीच समजस नही, तू बंद कर हाई.’ आता चांगला हेडफोन घ्यायचा आहे. बजेट ८,००० रुपये. दुकानदार म्हणतो, दणदणीत बेसचा वायरलेस घ्या. पुण्यातला मित्र म्हणतो, २५० ओहमचा ओपन-बॅक घे, स्टुडिओत तोच चालतो. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : सगळ्यात आधी आईंना सांगा की त्यांचा ताल जराही चुकत नाही. उशीर इयरबड करतोय. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून पाठवला जातो, कानातल्या डबीत पुन्हा उलगडला जातो, आणि वाटेत तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवला जातो. यात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो. पाचवा भाग म्हणजे २०० मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात तो ६८ मीटर पुढे गेलेला असतो. वरातीच्या पार शेपटाला उभं करून पुढच्या ढोलावर गायला सांगावं, तसं आईंचं झालं. त्यात स्वतःचा आवाजही एवढ्या उशिरा कानी आला, तर साधं बोलणारा माणूससुद्धा अडखळतो. त्या वैतागल्या यात नवल नाही.

म्हणून दुकानदाराचं ऐकू नका. रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन. तो थेट सोलोच्या पुढच्या बाजूच्या, हेडफोनसाठी असलेल्या जाड पिनच्या जागेत लावा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू ठेवा. मग आईंचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता माईकमधून सरळ त्यांच्या कानात जाईल. लॅपटॉप जुना असला तरी मग अडत नाही.

आता मित्राचा सल्ला. तो खोटं सांगत नाहीये, पण त्याचं काम वेगळं आहे. ओपन-बॅक हेडफोनच्या कपांची पाठ जाळीची असते. आतली हवा कोंडत नाही, त्यामुळे आवाज मोकळा, ऐसपैस आणि नैसर्गिक वाटतो. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढला तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्यांचा १९९७ चा एचडी ६०० आजही कितीतरी लोक मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवायला, वापरतात, आणि मलाही तो फार आवडतो. पण जाळीतून जशी हवा बाहेर येते तसा आवाजही येतो, आणि तुमचा माईक आईंच्या तोंडापासून वीतभर लांब आहे.

याबद्दल मी एवढी आग्रही का, ते सांगते. २०११ मध्ये अमळनेरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी मावशीची कानबाईची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणी रेकॉर्ड केली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याच्या आदल्या आठवड्यात मावशी आली, तीन सकाळी बसली आणि अकरा गाणी म्हणाली. माझ्याकडे तेव्हा उसना आणलेला ओपन-बॅक होता, ऐकायला सुरेख. मावशीला थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून मी क्लिक, म्हणजे ताल धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टकटक, मोठी केली. रेकॉर्ड होताना मला काहीच कळलं नाही, कारण तीच टकटक माझ्याही कानात चालू होती. रात्री क्लिक बंद करून ऐकलं, तर दोन ओळींमधल्या शांततेत, जिथे मावशी श्वास घ्यायची, तिथे टक्, टक्, टक्. फिल्टर लावून पाहिले, पण क्लिक जिथे बसली होती तिथेच तिच्या उच्चारातले च, ट, स बसले होते. एक काढायला गेलं की दुसरं मरायचं. पुढच्या वर्षी पुन्हा करू म्हणत राहिलो. २०१४ मध्ये मावशी गेली. ती अकरा गाणी माझ्याकडे आहेत आणि अकराही गाण्यांत ती टकटक आहे.

तेव्हा तुमचा पहिला हेडफोन बंद पाठीचा, ज्याला दुकानात क्लोज्ड-बॅक म्हणतात, तोच असू द्या. दुकानात घालून गाणं लावा, समोर सोबतच्या माणसाला हातभर अंतरावर उभं करा आणि विचारा, ‘काही ऐकू येतंय का?’ खोक्यावरच्या मजकुरापेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. एकेजीचा के-२४० छोट्या स्टुडिओंत खूप दिसतो, स्वस्तही मिळतो. तो अर्धा उघडा आहे आणि गळतो. आईंसाठी तो नको.

ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, समजून घ्या, कारण तिथे बरेच जण फसतात. ठिबकची नळी बारीक असेल तर तेवढंच पाणी काढायला मोटरचा दाब जास्त लागतो ना, तसंच इथे आहे. ओहम जास्त असले की तोच आवाज निघायला व्होल्टेज जास्त लागतं. तुमचा सोलो लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, त्याचा ॲम्प्लिफायर लहान. २५० ओहमचा हेडफोन त्यावर बिघडणार नाही, पण बटण पूर्ण फिरवूनही आईंना ढोलकी पुसट ऐकू येऊ शकते. ३२ ते ८० ओहममधला घेतला की हा प्रश्नच उरत नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तर एकाच नावाने ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत येतो. दिसायला जवळपास सारखेच, म्हणून आकडा वाचूनच घ्यायचा.

तुमच्या ८,००० मध्ये मी ऑडिओ-टेक्निकाचा एम-२०एक्स घेईन. बंद पाठीचा, ४७ ओहम, वायर तीन मीटर लांब. बेस थोडा फुगवतो, पण गाणाऱ्याच्या कानाला ते खटकत नाही. त्याची एक उणीव म्हणजे वायर कपातच जोडलेली आहे. खुर्चीच्या पायाखाली येऊन तुटली तर डाग द्यायला कारागीर शोधावा लागेल. थोडं थांबून पैसे साठवता आले तर एम-४०एक्स घ्या, त्याची वायर निघते आणि आवाजही जास्त सरळ, कमी फुगवलेला आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला ६३ ओहमचा हेडफोन. त्यात स, श, च हे उच्चार टोकदार ऐकू येतात. गाताना ते काहींना बोचतं, पण रेकॉर्डिंग तपासायला बसलं की आवाजातला प्रत्येक दोष तो दाखवतो. मी रोज त्यावरच काम करते.

एम-२०एक्स घेतल्यावर जे पैसे उरतील त्यातून दोन जणांना ऐकायची जोडपिन घ्या. सोलोला हेडफोनची एकच जागा आहे. आई गाताना तुम्हालाही ऐकू यायला हवं. तुमच्यासाठी मोबाईलबरोबर आलेला जुना वायरचा इयरफोन चालेल. उरलेल्या पैशांत जाड गोधड्या. आईंच्या पाठीमागे दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक टांगा.

खरेदी मात्र अधिकृत विक्रेत्याकडे, पक्क्या बिलावर. एका मोठ्या शहराच्या बाजारात मी एकदा नामांकित कंपनीचा हेडफोन निम्म्या किमतीत घेतला होता. खोका, छपाई, आतली पिशवी, सगळं हुबेहूब. घरी आणून ऐकला तर डावा कान उजव्यापेक्षा मंद, आणि वजन मैत्रिणीकडच्या खऱ्या हेडफोनपेक्षा चांगलंच कमी. महिनाभर मी त्यावर केलेली सगळी कामं पुन्हा करावी लागली, कारण डावा कान भरून काढायला मी प्रत्येक गाणं डावीकडे ढकललं होतं.

आखाजी म्हणजे आपल्याकडचा ऐन उन्हाळा. पारा ४३-४४ वर, आणि माईक चालू असताना पंखा-कूलर बंद. रेक्झिनसारख्या गाद्यांत कान दहा मिनिटांत घामाने चिंब होतात. मी उन्हाळ्यात जुन्या सुती साडीचे गोल तुकडे शिवून गाद्यांवर चढवते. एकेरी कापड हवं, जाड केलं की कप कानाला नीट टेकत नाही आणि आवाज गळतो. काम झालं की गाद्या कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर दोन वर्षांत पोपडे निघतात. आणि पहाटे पाचला बसा. गार असतं, रस्ता शांत असतो, आणि जात्यावर गाणाऱ्या पिढीच्या बायकांचा गळा त्या वेळी मोकळा असतो, हा माझा अनुभव आहे.

अजून एक. आईंनी आयुष्यभर झोक्यावर, घोळक्यात, दोन्ही कान उघडे ठेवून गाणी म्हटली आहेत. दोन्ही कान झाकले की त्यांना स्वतःचा आवाज परका वाटेल आणि त्या दबकत गातील. एकच कप कानावर ठेवू द्या. दुसरा कानामागे हाडावर घट्ट टेकलेला हवा, हवेत लोंबकळता नको, आणि सॉफ्टवेअरमध्ये ढोलकी फक्त झाकलेल्या कानाच्या बाजूला सरकवा, म्हणजे मोकळ्या कपातून ढोलकी बाहेर येणार नाही. क्लिकची टकटक न लावता ढोलकीच लावा, तीही आईंना जेमतेम पुरेल एवढीच. आणि पहिल्या दिवशी हेडफोन न घालताच, ट्रॅक न लावता, सगळी गाणी एकदा म्हणून घ्या. ती फाईल जपून ठेवा. ताल नंतर त्या गाण्याला जोडता येतो.

मिक्सिंगही याच हेडफोनवर करा, लगेच स्पीकर घेऊ नका. १० फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो. एका कोपऱ्यात बेस दुप्पट वाटतो, मध्यभागी बसलं की गायब. हेडफोनला खोलीचा हा दोष लागत नाही. त्याचा स्वतःचा दोष वेगळा : डाव्या कपातलं उजव्या कानाला अजिबात ऐकू जात नाही, त्यामुळे डावी-उजवीकडे पसरलेली वाद्यं खऱ्यापेक्षा लांब वाटतात. म्हणून गाणं झालं की मोबाईलच्या स्पीकरवर, मग ट्रॅक्टरवरच्या टेपवर ऐका. तिथे आईंचा शब्द न् शब्द कळला, तर मिक्स झालं.

प्रश्न : हेडफोन लावला की सारखा ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. दोन हेडफोन बदलून पाहिले. तिसरा कोणता घेऊ?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तिसरा घेऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घुमणं थांबलं, तर तो विजेच्या ५० हर्ट्झचा आवाज आहे आणि बहुधा अर्थिंगचं काम आहे. वायरमनकडून बोर्डाच्या तिसऱ्या पिनचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत ती पिन नुसती दिसायला असते, मागे वायरच नसते. चार्जरची अर्थिंगची पिन तोडा, असा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच मानू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो. तपासणी होईपर्यंत बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि चार्जर काढून रेकॉर्ड करा. माझी निम्मी रेकॉर्डिंग अशीच झाली आहेत.

प्रश्न : मी पावरी (आमच्याकडचं आदिवासी फुंकवाद्य) आणि ढोलाची रेकॉर्डिंग करतो. चार-पाच तास हेडफोनवर बसलो की रात्री कानात शिट्टी वाजते. हेडफोन खराब आहे का?
— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : हेडफोन ठीक असेल, आवाज मोठा आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या जागची मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. पावरी आणि ढोल समोर वाजत असताना त्यांच्यावर मात करायला तुम्ही हेडफोन वाढवत असणार. वादक एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, वायर दाराखालून न्या. मिक्सिंगला बसताना शेजारी कुणी साध्या आवाजात हाक मारली तर ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा आणि दर तासाला दहा मिनिटं कान मोकळे सोडा. आठवडाभर हेडफोन लावूच नका. त्यानंतरही शिट्टी राहिली तर पुढचं रेकॉर्डिंग ठरवण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या.