ड्रमच्या एकाच ट्रॅकमधल्या फक्त हाय-हॅटचा आवाज कमी कसा करायचा?

तुमची अडचण अशी दिसते: किक, स्नेअर, हॅट सगळं एकाच मिडी ट्रॅकवर आहे (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली नोट कधी आणि किती जोराने वाजवायची याच्या सूचना), हॅट कानाला टोचते, पण ट्रॅकचा फेडर, म्हणजे व्हॉल्यूमची सरकपट्टी, खाली घेतला की अख्खा किटच बसतो. बसणारच. फेडरपर्यंत पोचतो तो प्लगइनमधून, म्हणजे त्या सूचनांवरून ड्रम वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मिसळून आलेला आवाज. हॅट कमी करायची तर ती मिसळण्याआधी, म्हणजे प्लगइनच्या आतच करावी लागते.

बहुतेक ड्रम प्लगइनमध्ये त्यासाठी छोटा मिक्सर असतो. एबलटन लाइव्हच्या ड्रम रॅकमध्ये चेन लिस्ट उघडा, प्रत्येक पॅडचा व्हॉल्यूम वेगळा दिसेल. एफएल स्टुडिओत चॅनल रॅकमध्ये प्रत्येक सॅम्पलला स्वतःचा नॉब आहे. तेवढ्यावर भागलं तर उत्तम.

बरेच जण मात्र हॅटच्या नोटांची व्हेलॉसिटी सरसकट उतरवतात. व्हेलॉसिटी म्हणजे फटक्याचा जोर, १ ते १२७. खऱ्या ड्रमवरून सॅम्पल घेतलेल्या किटमध्ये ११५ चा स्नेअर ६० वर आणला, तर तोच फटका लहान होऊन येत नाही. हलक्या हाताने मारलेला वेगळाच फटका वाजतो, बोथट. पण हॅट टोचण्याचं कारण सगळ्या नोटा एकाच जोराने वाजणं हे असेल (माउसने काढलेल्या नोटांचं हमखास असंच होतं), तर इलाज व्हेलॉसिटीचाच. पियानो रोलमध्ये (नोटा दिसतात त्या खिडकीत) डावीकडच्या हॅटच्या पट्टीवर क्लिक केलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीतल्या सगळ्या नोटा निवडल्या जातात. जनरल मिडी या ठरलेल्या क्रमांकांप्रमाणे बंद हॅट नोट क्रमांक ४२ वर, उघडी ४६ वर. आता एक सोडून एक नोट २०-३० ने खाली घ्या. कित्येकदा एवढ्यानेच टोचणं थांबतं आणि व्हॉल्यूमला हात लावावा लागत नाही.

हॅटला वेगळा ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा) किंवा कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) लावायचा असेल तरच मल्टी-आउटच्या, म्हणजे प्लगइनमधून प्रत्येक ड्रम वेगळ्या चॅनलवर काढण्याच्या, भानगडीत पडा. लॉजिक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी इन्स्ट्रुमेंट लोड करतानाच मल्टी-आउटपुट निवडावं लागतं.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. खऱ्या ड्रमवरून सॅम्पल घेतलेल्या किटमध्ये प्लगइनच्या मिक्सरमधला हॅटचा फेडर पार खाली, तरी हॅट ऐकू येतेच! ती ओव्हरहेड (किटच्या वर लावलेले) आणि रूम (खोलीत लांब ठेवलेले) माइकमधून येत असते. तो फेडर फक्त जवळच्या माइकचा. अशा प्लगइनमध्ये ओव्हरहेडमध्ये हॅट किती जावी याचं वेगळं सेटिंग असतं का ते बघा.

किती कमी करायचं? २-३ डेसिबलपासून सुरुवात करा, तेही पूर्ण गाणं चालू ठेवून. सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद ठेवून, ठरवलेली पातळी गाण्यात क्वचितच टिकते.

आणि तुमच्याकडे मिडी नसून तयार ऑडिओ लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा) असेल, तर यातलं काहीच लागू नाही. वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या तर स्नेअरही मंदावतो. अशा वेळी दुसरा लूप शोधणं किंवा त्याच तालाचा मिडी स्वतः लिहून काढणं बऱ्याचदा लवकर होतं.