सोसायटीत ओल्या कचऱ्याचा बायोगॅस प्लांट बसवावा का? वास येतो का?

बसवा. पण कोणता प्लांट घ्यायचा यावर कमिटीत वाद घालण्याआधी रोज त्याच्याकडे बघणार कोण, ते ठरवा. ठाण्यात तुमच्या शेजारच्या सोसायटीचा प्लांट वासापायी वर्षभरात बंद पडला, असं तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज, त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त खायला घातलं गेलं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत अगदी हेच घडलं होतं आणि तेव्हा देखरेख माझ्याकडेच होती.

आमच्या प्लांटला रोज ६० किलो ओला कचरा लागतो. गौरी-गणपतीत घराघरांतून उरलेले मोदक, पुरणपोळ्या, भात आला. फेकायचं जिवावर आलं म्हणून तीन दिवस जवळजवळ दुप्पट माल आत गेला. पाचव्या दिवशी शेगडी पेटेना. गॅसचा फुगा भरलेला होता, पण आत बहुतेक कार्बन डायऑक्साइडच. टाकीतून आंबूस, उलटी यावी असा वास. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, ७ च्या जितकं खाली तितकं आंबट. त्याचा कागद बुडवला तर ५.५.

कारण असं. हवा नसलेल्या त्या टाकीत जीवाणूंच्या फौजा एकामागून एक काम करतात. पहिल्या अन्न फोडून त्याची आम्लं करतात आणि त्या भराभर वाढतात. शेवटची फौज त्यातून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, बनवते. तिची वाढ फार सावकाश, आणि पीएच ७ च्या आसपास असेल तरच ती नीट काम करते. गोड आणि पिठूळ पदार्थ एकदम ओतले की आम्ल साचतं, मिथेनवाले मंदावतात, आम्ल आणखी साचतं. आम्ही कचरा टाकणं पूर्ण थांबवलं, थोडी थोडी चुन्याची निवळी घातली, तबेल्यातून ताजं शेण आणून कालवून ओतलं. निळी ज्योत परत यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून सणाला जास्तीचा माल कंपोस्टच्या खड्ड्यात जातो.

म्हणून वासाचं उत्तर: नीट चाललेल्या टाकीला वास येत नाही. वास येतो तो वर साठवून ठेवलेल्या कचऱ्याला, नाहीतर आत आंबलेल्या टाकीला. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. तो विषारी आहे आणि बर्नरही खातो. गॅसच्या नळीत लोखंडाच्या किसाचा फिल्टर बसवून घ्या, आणि टाकीत डोकं घालून कुणालाही बघू देऊ नका.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे उकाडा. या जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. जर्मनीत हजारो प्लांट आहेत, पण तिथे टाक्या तापवाव्या लागतात. आपल्याला फक्त डिसेंबर-जानेवारीत कोमट पाणी घातलं की पुरतं. वाशीच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ प्लांटमध्ये तर वाटलेला कचरा आधी गरम पाण्यात, हवा देऊन पचवतात आणि मगच बंद टाकीत सोडतात.

सांडपाण्याचंही यातच होईल का, असं तुम्ही विचारलंय. सोसायटीपुरतं म्हणाल तर नको. आपलं सांडपाणी फार पातळ असतं, त्यातून निघणारा गॅस खर्चाच्या मानाने किरकोळ. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं दाट पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हीच पद्धत उत्तम चालते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात गात्झे लेटिंगा या शास्त्रज्ञांनी याच जीवाणूंच्या गाळाच्या थरातून पाणी वर चढवत नेणारी टाकी बनवली, तशी कानपूरला जाजमऊत शहरी सांडपाण्यासाठीही उभारली गेली. पण अशा टाकीतून निघालेलं पाणी पुढे पुन्हा हवा देऊन शुद्ध करावंच लागतं.

मिळकत किती? ६० किलोतून आम्हाला दिवसाला ५-६ घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. म्हणजे घरगुती सिलिंडर पाच-सहा दिवसांत एक. वॉचमन मंडळींचा स्वयंपाक त्यावर होतो. नफ्यासाठी कुणी हे करू नये. पण उरलेलं अन्न डम्पिंगवर गेलं तर हाच मिथेन हवेत सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त तापवतो. मला त्यासाठीच हे करावंसं वाटतं.

सुरुवात करताना टाकी फक्त शेणाच्या रबडीने भरा, ते तुमचं विरजण. शेगडीवर ज्योत टिकू लागली की दिवसाला पाच किलो कचरा, मग आठवड्याला थोडा थोडा वाढवत न्या. लिंबा-संत्र्याच्या साली, नारळाच्या करवंट्या, हाडं बाजूला काढा. आणि बादल्या धुताना फिनेलचा थेंबही आत जाणार नाही, हे सफाई करणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी समजावून सांगा.