एकच एनबीसी सॅन होजेत ११ नंबरवर आणि डॅलसला ५ नंबरवर, असं का?

तुमची लेक सॅन होजेला, मुलगा डॅलसला. दोघांकडे एनबीसी ही अमेरिकन टीव्ही वाहिनी वेगवेगळ्या नंबरवर लागते, बातम्याही निराळ्या दिसतात, म्हणून तुम्ही विचारलंय की ही वाहिनी एक की दोन. स्टेशनं दोन आहेत, नेटवर्क एक.

मुंबई दूरदर्शन आठवा. संध्याकाळी वरळीच्या केंद्रातून मराठी बातम्या लागायच्या आणि मग रात्री दिल्ली जोडली जायची. इथेही बराचसा तोच प्रकार. सकाळ-संध्याकाळच्या गावच्या बातम्या, हवामान, ट्रॅफिक हे स्टेशनचं. रात्रीच्या मालिका आणि मोठे सामने नेटवर्कचे. फरक असा की आपल्याकडे दोन्ही टोकांना सरकारच होतं. इथे प्रसारणाचा परवाना एफसीसी (प्रसारणावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) देते तो स्टेशनला, त्या-त्या गावासाठी. नेटवर्कशी बहुतेक स्टेशनांचा असतो फक्त करार. सॅन होजेचं स्टेशन केएनटीव्ही, डॅलसकडचं केएक्सएएस. तासाच्या ठोक्याला पडद्यावर बारीक अक्षरांत हे नाव आणि गाव येऊन जातं, लेकीला बघायला सांगा. (मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला नावं सहसा ‘के’ने सुरू होतात, पूर्वेला ‘डब्ल्यू’ने. अपवाद आहेत, डॅलसचंच डब्ल्यूएफएए घ्या.)

आणि करार म्हटला की तो मोडतोही. हे मी स्वतः अनुभवलंय.

आम्ही सॅन होजेजवळच्या फ्रीमाँटला राहायचो, केबल घेतली नव्हती, टीव्हीवर दोन कांड्यांचा अँटेना. एनबीसी म्हणजे ४ नंबर, केआरओएन. २००२ च्या १ जानेवारीला ४ लावला तर एनबीसीचं काहीच नाही. मी आधी अँटेना पिरगाळला, मग टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली. बायको म्हणाली, ‘अहो, ११ लावून बघा.’ तिथे एनबीसी!

झालं होतं असं. केआरओएन मूळचं सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल वृत्तपत्राच्या मालकांचं; नावातलं ‘क्रॉन’ तिथूनच आलंय. त्यांनी ते विकायला काढलं तेव्हा एनबीसीलाही हवं होतं, पण यंग ब्रॉडकास्टिंग या कंपनीने ८० कोटी डॉलरहून जास्त मोजून नेलं. मग एनबीसीने नव्या मालकाला सांगितलं, आमचे कार्यक्रम हवेत तर आता तुम्ही आम्हाला पैसे द्या. हे त्या काळी उफराटंच होतं, कारण तोवर नेटवर्कच स्टेशनांना पैसे द्यायची. यंगने नकार दिला. सॅन होजेचं केएनटीव्ही वर्षाला सरासरी साडेतीन कोटी डॉलरहून अधिक द्यायला तयार झालं आणि एनबीसी तिकडे गेलं. पुढे त्याच वर्षी एनबीसीने २३ कोटी डॉलरला ते स्टेशनच विकत घेतलं. आज नेटवर्कला पैसे मोजणं करारावरच्या बहुतेक स्टेशनांच्या अंगवळणी पडलंय.

आम्हाला ११ स्वच्छ दिसायचं, कारण त्याचा मनोरा तेव्हा दक्षिणेला लोमा प्रिएटा डोंगरावर होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या अँटेनावाल्यांची मात्र पंचाईत झाली, आणि तीही फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीचं हिवाळी ऑलिंपिक एनबीसीवर असताना.

कार्यक्रमांचा तिसरा एक प्रकार राहिला. ‘जेपर्डी’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम एबीसी या दुसऱ्या नेटवर्कचा आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो, कारण इकडे तो रोज ७ नंबरवर, केजीओवर लागतो. पण हा रोजचा कार्यक्रम कुठल्याच नेटवर्कचा नाही. प्रत्येक गावातलं स्टेशन तो स्वतंत्रपणे विकत घेतं. दुसऱ्या गावात तो एनबीसीवाल्या स्टेशनवरही दिसेल.

तुमच्या मुलांच्या बाबतीत म्हणाल तर केएनटीव्ही आणि केएक्सएएस ही दोन्ही आता एनबीसीच्याच मालकीची आहेत, त्यामुळे त्यांना माझ्यासारखा अँटेना पिरगाळत बसावं लागणार नाही. केआरओएन अजून ४ नंबरवरच आहे. बरीच वर्षं बातम्यांवर तग धरून राहिलं, आता सीडब्ल्यू हे आणखी एक नेटवर्क दाखवतं. आम्ही बातम्या तिथेच बघतो.