बी-१ आणि एन-३ यांची बरोबरी होते का?

प्रश्न : माझी मुलगी जर्मनची बी-१ परीक्षा उत्तीर्ण झाली आहे आणि भाचा जपानीची एन-३. दोन्ही मधल्या पातळ्या, म्हणून घरात सारे त्यांना सारखेच धरतात. मुलगी बऱ्यापैकी बोलते. भाचा मात्र चार वाक्यांतच अडखळतो. त्याची परीक्षा सोपी होती का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : एन-३ मुळीच सोपी नाही, परंतु तीत बोलण्याचा आणि लिहिण्याचा विभागच नसतो. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण यांवरील प्रश्नांना दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. १८० पैकी ९५ गुण आणि प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. कांजी (जपानी लेखनातली चिनी चिन्हे) वाचण्यासाठी भाच्याने घेतलेले कष्ट त्यामुळे कमी ठरत नाहीत.

बी-१ ही पातळी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांच्या चौकटीतली आहे. तेथे प्रत्येक पायरी ‘काय करता येते’ अशा वाक्यांत सांगितलेली असते. दादरच्या पुलावर एखाद्या जर्मन पाहुण्याला मध्य रेल्वेकडून पश्चिम रेल्वेकडे कसे जायचे आणि जलद गाडी सोडून धीमी का पकडायची, हे तुमच्या मुलीने चुकतमाकत का होईना, पण समजावून दिले, तर ती बी-१ला शोभेल असे बोलली. पुढे गाडीत भाडेवाढीवर त्याने उलटसुलट विचारले आणि तिला आपली बाजू फारसे न अडता मांडता आली, तर ते बी-२च्या जवळचे झाले. जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत प्रत्येकी १०० पैकी ६० गुण लागतात, त्यामुळे वाचनातले गुण बोलण्याची उणीव भरून काढत नाहीत. (क्लासचे ‘बी-१ पूर्ण’ हे प्रमाणपत्र मात्र अभ्यासक्रम संपल्याचे असते, परीक्षेशी त्याची गल्लत करू नये.)

म्हणून तुलना करायचीच तर वाचन आणि श्रवण यांपुरतीच करावी. युरोपीय चौकटीत स्वमूल्यमापनाचा एक तक्ता आहे : ऐकणे, वाचणे, संवाद, सलग बोलणे आणि लिहिणे असे त्याचे पाच भाग. भाच्याने तो प्रामाणिकपणे भरावा. वाचनात बी-१ आणि संवादात ए-२ आले तरी त्यात कमीपणा नाही. उलट नोकरीच्या अर्जात तसे वेगवेगळे लिहिणेच मला योग्य वाटते. संवादासाठी त्याने आपल्या शिक्षकांकडून आठवड्यातला एक तास केवळ बोलण्यासाठी मागून घ्यावा.