‘मॅडम, झोपेसाठी कुठलं घड्याळ घेऊ?’

हा प्रश्न आता मला महिन्यातून कितीतरी वेळा येतो. समुपदेशन संपवून दाराशी पोहोचलेली व्यक्ती मागे वळून विचारते. सोसायटीच्या सत्यनारायणाला भेटलेले काका प्रसाद हातात घेऊन विचारतात. लेक अमेरिकेहून झोप मोजणारी अंगठी पाठवणार असतो, तर ‘त्यापेक्षा घड्याळ बरं का?’ म्हणून त्याची आई फोन करते. मी काही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बसत नाही. पण एवढ्या वर्षांत एक कळलंय, की घड्याळाबद्दल विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना घड्याळाची माहिती नको असते. आपण ठीक आहोत, असं कुणीतरी सांगावं, एवढंच त्यांना हवं असतं.

माधुरीताईंचं उदाहरण सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ठाण्यात राहणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या, विमा कंपनीत अधिकारी. पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. डावीकडचं मुलाने दिवाळीला दिलेलं. उजवीकडचं त्यांनी स्वतः सेलमध्ये घेतलेलं, कशासाठी, तर पहिलं खोटं सांगत नाही ना हे बघायला. बसल्या बसल्या फोन पुढे केला. आदल्या रात्रीची गाढ झोप एकाच्या मते १ तास ५० मिनिटं, दुसऱ्याच्या मते ३८ मिनिटं.

“आता यातलं खरं कुठलं, मॅडम? की सरळ अंगठीच घेऊन टाकू?”

आधी त्यांना घड्याळ काय करतं ते सांगितलं, कारण हे विकणारे सांगत नाहीत. मनगटावरचं यंत्र झोप मोजत नाही. हात किती हलला आणि कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी कशी चालली, एवढं ते मोजतं. बाकी सगळा हिशोबाने काढलेला अंदाज. झोपेचे टप्पे खरोखर बघायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपाव्या लागतात, डोळ्यांच्या आणि हनुवटीच्या स्नायूंच्या हालचाली नोंदवाव्या लागतात. शेजारच्या खोलीतल्या आवाजावरून आत कोण काय करतंय हे ओळखण्यासारखं घड्याळाचं काम आहे. माणूस घरात आहे की नाही हे बहुतेक वेळा बरोबर कळेल, तो वाचतोय की शिवतोय हे नाही. म्हणून एकूण झोपेचा आकडा बऱ्यापैकी जमतो आणि ‘गाढ झोप’, ‘स्वप्नांची झोप’ हे आकडे कंपनीगणिक बदलतात. शिवाय डोळे मिटून, न हलता जागे पडून राहिलात तर तो वेळही बहुतेक घड्याळं झोपेतच धरतात.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण अंगठी?”

माहितीने काळजी जात नाही, हे माझं जुनं मत. मग मी विषय बदलला.

“सकाळी जाग आल्यावर पहिलं काय करता?”

“ॲप उघडते. चहा नंतर.”

“ॲप उघडायच्या आधी कसं वाटत असतं? अंग हलकं की जड?”

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आधी कसं कळणार? बघितल्यावरच कळतं ना.”

“आज काय कळलं?”

“झोपेला शंभरपैकी ५८. म्हणजे दिवस गेलाच. सकाळचं चालणं रद्द केलं. ऑफिसातून लवकर निघून जरा पडणार आणि रात्री साडेनऊलाच आडवी होणार, भरून काढायला.”

या चार वाक्यांत सगळा आजार होता. आकडा कमी आला म्हणून चालणं बंद, संध्याकाळी डुलकी, रात्री झोप आलेली नसताना अंथरूण. मग साडेनऊपासून बारापर्यंत छताकडे बघणं, आणि सकाळी पुन्हा ५६. घड्याळाने सांगितलेलं भविष्य माधुरीताई इमानेइतबारे खरं करून दाखवत होत्या.

अशी माणसं जगभर आहेत. अमेरिकेत झोपेच्या संशोधक केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांवर लेख लिहिला आणि या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. प्रयोगशाळेतल्या तपासणीत गाढ झोप दिसली, तरी ‘मग माझा पट्टा वेगळं का सांगतो?’ असं विचारणारे रुग्ण त्यात आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निद्रानाशाच्या ६३ रुग्णांना मनगटावर यंत्र बांधून झोपेबद्दल बनावट निकाल दिला, खऱ्या झोपेशी काहीही संबंध नसलेला. ज्यांना ‘वाईट झोपलात’ असं सांगितलं, त्यांचा मूड दिवसा जास्त खराब राहिला, पेंगही जास्त आली. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या. माणूस घटनेने जेवढा त्रासतो त्यापेक्षा त्या घटनेला दिलेल्या अर्थाने जास्त त्रासतो, हे एलिस घड्याळं येण्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते.

अशा वेळी ‘घड्याळ काढून फेका’ असं सांगणारे बरेच आहेत. मी सांगत नाही. फेकलेलं घड्याळ चार दिवसांनी कपाटातून परत येतं, आणि सोबत अपराधीपणाही घेऊन येतं. मी माधुरीताईंना म्हटलं, दोन्हीपैकी एक घड्याळ घाला, कुठलंही. पण ॲप संध्याकाळी सातनंतरच उघडायचं. सकाळी डोळे उघडल्यावर आधी स्वतःला विचारायचं, आज कसं वाटतंय, दहापैकी किती, आणि तो आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. संध्याकाळी घड्याळाचा आकडा त्याच्याखाली पेन्सिलने.

महिना संपल्यावर त्या ते पान फाडून, चार घड्या घालून घेऊन आल्या. टेबलावर उलगडलं. ‘दूध अर्धा’, ‘सिलिंडर लावला’, ‘कामवाली नाही’ यांच्या गर्दीत लाल शाईतले त्यांचे आकडे आणि खाली पेन्सिलीचे फिकट.

“हा रविवार बघा,” त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशी भाचीची हळद होती, एक वाजला झोपायला. घड्याळाचे ५४ आणि मी आठ दिलेत. आणि हा मंगळवार. घड्याळाचे ८९, माझे तीन.”

“सोमवारी काय झालं होतं?”

“काही नाही. म्हणजे, झोनल ऑफिसातून फोन होता. बदलीचा.”

मी काहीच बोलले नाही. त्या बोट फिरवत एकेक चौकोन बघत राहिल्या. कुठे जुळत होतं, बऱ्याच ठिकाणी जुळत नव्हतं. मग अगदी हळू म्हणाल्या, “मॅडम, मी दमलेय का, हे घड्याळाला विचारून विचारून दमत होते का मी?”

हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण दिसलेलं सगळं लगेच बोलून टाकायचं नसतं, एवढा संयम या धंद्यात मी कमावला आहे. समोरच्याच्या तोंडून आलेलं एक वाक्य माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त टिकतं.

बदलीचा विषय त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर आला. नागपूरला जावं लागेल अशी कुजबुज, मुलाची बारावी, घरी सासूबाई. या काळजीला आकडा नव्हता, आलेख नव्हता, ती दाखवायची कुणाला? गाढ झोपेची ३८ मिनिटं मात्र कुणालाही दाखवता येत होती. झोपेच्या तक्रारीमागे असं काहीतरी दडलेलं मी फार वेळा पाहिलं आहे. पुढची बरीच सत्रं बदलीवर गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

झोपेसाठी केलं ते साधंच. त्या अंथरुणात नऊ तास असत, झोप जेमतेम साडेसहा तास. मी सांगितलं, साडेअकराच्या आधी अंथरूण नाही आणि सहानंतर अंथरुणात राहायचं नाही, रविवारीसुद्धा. झोप येईना झाली तर उठून हॉलमध्ये बसायचं.

“झोप कमी पडते म्हणून मी आले, आणि तुम्ही आणखी कमी करताय?” त्या चिडल्याच.

पहिला आठवडा त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असणार. मग झोप सलग होत गेली, आणि तशी झाल्यावर पाव-पाव तासाने वेळ वाढवला. हा उपाय मनाने करू नका. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, गाडी चालवणं हाच व्यवसाय असलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मुळीच नाही. माधुरीताईंनाही आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून यायला लावलं होतं. या वयात रात्री घामाने जाग येते, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं.

आणि मग निघाले यजमान. माधुरीताई एकदा कौतुकाने म्हणाल्या, “यांचं बरं आहे. पाठ टेकली की झोपले. दुसरं घड्याळ आता हेच घालतात, रोज ८५च्या वर.” मी विचारलं, घोरतात का? “अहो, मुलगा हॉलमध्ये झोपतो त्यांच्यामुळे.” मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो? हो. दिवसा? पेपर हातात घेऊन पेंगतात, एकदा घोडबंदर रोडवर सिग्नलला डोळा लागला, मागच्यांच्या हॉर्नने जाग आली. ५८वाली बाई माझ्याकडे आली होती, आणि डॉक्टरकडे जायला हवा होता तो ८५वाला. स्लीप स्टडीत झोपेतला श्वासरोध निघाला, बऱ्यापैकी तीव्र. काही घड्याळांच्या श्वासरोधाच्या सूचनेला २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली आहे. पण सूचना आली नाही म्हणजे आजार नाही, असं कुणी समजू नये. घोरणं बायकोला ऐकू येतं, तेवढं पुरेसं आहे.

तर घड्याळ घ्यायचंच असेल तर? आधी ठरवा, कुठला आकडा बघून तुम्ही काय बदलणार. उत्तर नसेल तर पैसे ठेवा. पावलं मोजायला स्वस्तातला पट्टा पुरतो, आणि दहा हजार पावलांचा बाऊ नको. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाबरोबर पसरला, डॉक्टरांच्या अभ्यासातून नाही. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९च्या एका अमेरिकी अभ्यासात फायदा साडेसात हजारांच्या आसपास स्थिरावलेला दिसला. झोपेच्या वेळा बघायच्या असतील तर आठवडाभर बॅटरी टिकणारं आणि हलकं घ्या. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ नेमकं रात्रीच चार्जरवर जातं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, धड घट्ट नाही धड सैल नाही. रात्री स्क्रीन आणि सूचना बंद. अंगठी घेतलीत तर मापाची नीट खात्री करा, उन्हाळ्यात बोटं सुजतात. दरमहा वर्गणी आहे का तेही विचारा. छातीत धडधड होत असेल तर ईसीजीची सोय असलेलं मॉडेल कामाचं, पण ते डॉक्टरांना विचारून. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणाऱ्या घड्याळाच्या तर वाटेला जाऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

आकडे बघायचे ते आठवड्याचे, आपलेच आपल्याशी. एका रात्रीवरून काही ठरवू नका, शेजाऱ्याच्या आकड्यावरून तर नाहीच. एवढं पथ्य पाळलं तर घड्याळ उपयोगी पडतं, हेही मी पाहिलं आहे. हिंजवडीत काम करणारा एक तरुण माझ्या बोलण्याने शुक्रवारची दारू कमी करेना. शनिवारी पहाटे नाडी नेहमीपेक्षा किती वर असते, हे चार शनिवार ओळीने मनगटावर दिसल्यावर त्याने आपणहून केली.

माधुरीताई मधे फोनवर बोलल्या. घड्याळ अजून घालतात, ॲपमधला झोपेच्या टप्प्यांचा भाग मुलाकडून लपवून घेतला आहे. तक्रार वेगळीच होती. यजमानांना झोपताना मास्क लावायचं सीपॅप यंत्र मिळालंय, त्याचंही ॲप आहे, तेही सकाळी गुण देतं. “आता हे रोज चहाच्या आधी मार्क वाचून दाखवतात, मॅडम. यांना घेऊन येऊ का?” मी म्हटलं, त्यांना बघू द्या. मास्कमधून हवा गळते आहे का आणि तो किती तास लावला, हे त्यांना तिथेच कळणार आहे.